गिर्येची गोदी आणि गुराबांची नाळ

आपल्या घराण्यांतून मराठ्यांचा इतिहास सांगितला जातो तो बहुधा घोड्यावरून. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे येऊन राहिलेली आपली मंडळी लष्कराबरोबर, नाहीतर लष्करामागून कारभारासाठी आली. त्यामुळे नर्मदेपलीकडच्या स्वाऱ्या आणि छावण्या यांच्याच आठवणी पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचल्या. समुद्राची जाण राहिली ती गोमंतकातील मंडळींना, आणि काही अंशी बडोदेकरांना, कारण गायकवाडांचे लहानसे आरमार बिलिमोऱ्याच्या बंदरात असे. परंतु जेथे आरमाराचा उल्लेख होतो तेथेही तो लढायांचाच होतो. लढाईहून परतलेले, नाळ फुटलेले गलबत किनाऱ्यावर कसे ओढून घेत आणि पुन्हा समुद्रात जाण्याजोगे कसे करीत, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आमच्या मते मराठ्यांच्या आरमाराचे खरे बळ याच कामात होते.

नाळ म्हणजे गलबताचा पुढचा, पाणी कापीत जाणारा निमुळता भाग. कोकणातील गुराबांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची. तळ उथळ, मध्यभाग लांबीच्या मानाने रुंद आणि पुढे चिंचोळी होत गेलेली, पाण्यावर लांबवर झेपावणारी नाळ. या नाळेवरून थेट समोर मारा करता यावा म्हणून नऊ अथवा बारा पौंडी दोन तोफा पुढच्या बाजूस बसविलेल्या असत. म्हणजे गुराबीचे शस्त्र तिच्या नाळेपाशी होते. साहजिकच तोफांचा धक्का तेथेच बसे, शत्रूचा गोळा तेथेच लागे, आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा अथवा खडक लागला तर पहिला आघातही तेथेच होई.

अशी गलबते नीट करण्याची एक जागा आजही पाहावयास मिळते. विजयदुर्गापासून सुमारे तीन किलोमीटरवर, वाघोटन खाडीच्या काठी, गिर्ये गावाच्या हद्दीत खडकात कोरलेली गोदी आहे. आंग्र्यांच्या अमलातील समजली जाणारी ही गोदी सुमारे १०९ मीटर लांब व ७० मीटर रुंद असून चारपाचशे टनांची जहाजे तेथे बांधली व दुरुस्त केली जात, असे सांगतात. आज तिचा बराचसा भाग गाळाने भरला आहे.

ही गोदी भरतीच्या पाण्यावर चाले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते. त्या पाण्यावर तारू आत घ्यावयाचे आणि ओहोटी लागली की ते तळावर टेकू द्यावयाचे. मुंबईस भरती-ओहोटीतील अंतर उधाणाच्या वेळी चार मीटरांहून अधिक असते. दक्षिण कोकणात ते पुष्कळ कमी. त्यामुळे मोठे तारू पूर्ण कोरडे करावयाचे तर भरतीने आणून सोडल्यावर पुढचे काम माणसांनाच करावे लागे.

त्या कामाची साधने सर्व बंदरांतून थोड्याफार फरकाने सारखीच होती : खाली घालावयाचे ओंडके, काथ्याचे जाड दोर, कप्प्या आणि उभा रहाट. रहाटाच्या खांबाची त्रिज्या वीतभर आणि त्यात अडकविलेला दांडा त्याच्या दसपट लांब असला, तर दांड्याच्या टोकाशी लावलेला जोर घर्षणाचा भाग वजा जाता दसपटीने दोरावर येतो. त्यात कप्प्यांची जोड मिळाली की पाचपन्नास माणसे शेकडो खंडी वजन हळूहळू हलवू शकतात. मात्र ओढलेले तारू मागे घसरू नये म्हणून प्रत्येक पावलाला तळाशी पाचर ठोकावी लागते, आणि ओढ तळाच्या कण्याच्या रेषेत सरळ ठेवावी लागते. ती तिरकी झाली की तारू एका कुशीवर कलंडते.

येथेच जाणत्या माणसाची परीक्षा होते. फुटलेल्या नाळेला दोर बांधून ओढले, तर जे थोडेफार शाबूत राहिले आहे तेही उचकटून हाती येते. म्हणून दोर गलबताच्या सबंध अंगाभोवती वेढून घ्यावा लागतो, म्हणजे ओढ सर्व फळ्यांवर आणि फासळ्यांवर वाटली जाते. दुखावलेल्या भागावर भार न टाकता सबंध देहाला धरून वर आणावयाचे, असे हे तत्त्व आहे.

पुढे सुताराचे काम. दिसते तेवढीच तुटकी फळी बदलून भागत नाही. चांगले लाकूड लागेपर्यंत कापत जावे लागते. नवी फळी जुनीला जेथे भिडते ते सांधे एकाच फासळीवर येऊ न देता मागेपुढे ठेवावे लागतात, नाहीतर त्या एका ओळीतच गलबत पुन्हा फुटते. नाळेच्या वाकणासाठी निसर्गतःच वाकडे वाढलेले लाकूड शोधावे लागते, कारण सरळ लाकूड कोरून केलेल्या वाकणात रेषा तुटतात आणि जोर राहत नाही. फटींत कापूस अथवा काथ्या ठासून वर राळ व तेल चढवावयाचे. लाकूड बहुधा सागाचे. त्यातील तेलामुळे लोखंडी खिळे टिकतात, तर युरोपातील ओकच्या लाकडात ते लवकर गंजतात.

या सर्वांची जाण राज्यकर्त्यांस होती. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराची पावसाळी छावणी कोठे व कशी करावी हे सांगितले आहे. जहाजांसाठी रयतेची आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत, असाही इशारा त्यांत आहे. लढाईइतकीच फिकीर लाकडाची आणि मुक्कामाची होती, हे त्यावरून दिसते.

आता १७५६ सालाकडे वळू. इंग्रजांनी १७१७ व १७२० साली आणि डचांनी १७२४ साली प्रयत्न करूनही विजयदुर्ग पडला नव्हता. पण नानासाहेब पेशवे आणि इंग्रज तुळाजी आंग्र्यांविरुद्ध एकत्र आले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या आरमाराने मारा केला. आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ या जहाजाला आग लागली आणि ती शेजारी बांधून ठेवलेल्या गुराबांवर पसरली. पाहता पाहता आंग्र्यांचे आरमार जळून गेले. मराठी सत्तेच्याच साह्याने मराठी आरमार जळाले, ही गोष्ट आजही मनाला लागते.

येथेच आरमार संपले, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ते पूर्णपणे पटत नाही. त्याच वर्षी किल्ला पेशव्यांच्या ताब्यात आला, तेथे आरमाराचा सुभा बसला आणि पुढे आनंदराव धुळपांनी तो चालविला. १७८३ च्या एप्रिलमध्ये धुळपांच्या ताफ्याने कंपनीचे ‘रेंजर’ जहाज लढून पकडले. आग लागून तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. जळालेली गलबते पुन्हा उभी राहू शकली, कारण खाडी आणि तिच्या काठचे कसब आपल्या हाती होते. १८१८ साली विजयदुर्ग इंग्रजांकडे गेला, आणि त्यानंतर मात्र काही उभे राहिले नाही. मुंबईत लवजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आले होते आणि १७५० च्या सुमारास तेथे दरवाजाची कोरडी गोदीही झाली होती. सागवानी जहाजांचे काम तेथे भरभराटीस आले. १८१७ साली मुंबईस बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. आंग्र्यांची एकही गुराब आज शिल्लक नाही.

२०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत विजयदुर्गही आहे. त्याचा आनंद आपणां सर्वांस आहेच. पण किल्ल्यावर जाणाऱ्यांनी तीन किलोमीटर पुढे जाऊन गिर्येचा तो गाळाने भरलेला चौकही पाहावा, अशी आमची विनंती आहे. मूळ गाव सोडून पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्यातील अर्थ वेगळा सांगावयास नको. आपल्या भाषेत गलबताच्या अग्रभागाला आणि आईशी जोडणाऱ्या नाडीला एकच शब्द आहे. दोन्ही दुखावतात, आणि दोन्ही सांभाळावयाच्या तर ते कसब जाणणारी माणसे हाताशी असावी लागतात.