अँटेना कुठं लावायचा? मार्कोनी, दौंड आणि आपला ऊस

उसातला ओलाव्याचा सेन्सर रीडिंग पाठवत नाही, विहिरीवरच्या स्टार्टरला घरून सिग्नल पोचत नाही, असं हल्ली बरेच जण सांगतात. लगेच पुढचा प्रश्न, "जास्त पॉवरचं मशीन घेऊ का?" माझं म्हणणं एकच: आधी अँटेनाची जागा बघा. हा धडा सव्वाशे वर्षं जुना आहे.

1895 साली इटलीत बोलोन्या शहराजवळ, वडिलांच्या वाडीवर मार्कोनी बिनतारी संदेशाचे प्रयोग करत होता. तारेचं एक टोक जमिनीत आणि दुसरं खांबावरच्या पत्र्याच्या डब्याला. डब्याची बाजू फक्त 30 सेंटिमीटर. 1909 च्या नोबेल भाषणात त्यानं आकडे दिलेत: खांब 2 मीटरचा असताना संदेश 30 मीटर गेला, 4 मीटरवर 100 मीटर आणि 8 मीटरवर 400 मीटर. डबा तोच, फक्त खांब वाढला.

पुढं दिशेचं महत्त्व कळलं. सगळ्या रानात मोकळं पाणी सोडण्यापेक्षा पाट बांधून एकाच वाफ्यात नेलं तर ते लांब जातं, तसंच हे. उंच मनोऱ्यांवर तारांचे पडदे टांगून लहरी एकाच दिशेला फेकायच्या, ही 'बीम' पद्धत. 23 जुलै 1927 ला भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू झाली ती आपल्याच भागातून. पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला, घ्यायचं दौंडला. दोन्ही लांब का? डीजेच्या शेजारी उभं राहून फोनवरचं ऐकू येत नाही, म्हणून.

त्याच सुमारास, 1926 मध्ये, जपानमधल्या सेंदाई इथल्या उदा आणि यागी यांनी आडव्या दांड्यांचा अँटेना मांडला. माशाच्या काट्यासारखा दिसणारा, दूरदर्शनच्या काळात आपल्या कौलांवर आलेला तोच. पुण्याकडची मंडळी तो सिंहगडाकडं तोंड करून लावायची. एकजण वर, एकजण खाली, "आलं का?" "अजून थोडं फिरव!"

आता आपल्या रानात काय करायचं?

उंची: मार्कोनीचे आकडे आजच्या उपकरणांना जसेच्या तसे लागू नाहीत. आपल्या लहरी जवळपास सरळ जातात. सपाट मोकळ्या रानात 3 मीटरवरून त्यांचं क्षितिज साधारण 7 किलोमीटर, 12 मीटरवरून 14. पण वाढलेला ओला ऊस मधे आला की पानांतलं पाणी सिग्नल खातं. म्हणून अँटेना शेंड्याच्या बराच वर पाहिजे.

दिशा: दोनच ठिकाणं जोडायची असतील तर यागी लावा, तोंड समोरासमोर. चारी बाजूंचे सेन्सर असतील तर उभी दांडी बरी.

ठेवण: एका टोकाचा अँटेना उभा असेल तर दुसऱ्याचाही उभाच. पत्र्याच्या शेडला, लोखंडी खांबाला चिकटवू नका. बारीक, लांब केबलमध्ये सिग्नल वाया जातो, म्हणून रेडिओचा डबाच वर न्या. आणि उंच पाइपाला अर्थिंग कराच, वीज पडायची भीती असते.

चाचणी ऊस गुडघाभर असताना घेऊन थांबू नका. पीक पूर्ण उंचीला आल्यावर, पाऊस पडून गेल्यावर पुन्हा घ्या. खरी परीक्षा तेव्हाच. महागडं मशीन घेण्याआधी पैसे एका उंच पाइपावर घाला, मंडळी.