दूध, विषाणू आणि कर्करोग

मांडव्याच्या धक्क्यासमोर खाडीपलीकडे मुंबई दिसते. गुरांच्या विषाणूंमुळे माणसास कर्करोग जडतो काय, या वादाचे एक जुने प्रकरण तेथेच, परळला घडले.

जॉन बिटनर याने १९३६ साली दाखविले की, उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधावाटे पिलांकडे जातो. हा ‘दुग्धघटक’ पुढे विषाणू ठरला. मुंबईच्या पारशी स्त्रियांत हा रोग अन्य समाजांहून अधिक असल्याने तसाच विषाणू त्यांच्या दुधात शोधण्यात आला. डॅन मूर आणि परळच्या सत्यवती सिरसाट, पेमास्टर प्रभृतींनी १९७१ साली ३९ टक्के पारशी स्त्रियांच्या दुधात विषाणुसदृश कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. खळबळ उडाली, परंतु उशिराचे विवाह व अल्प संतती ही त्या समाजातील कारणेही तितकीच सबळ होती, आणि आईचे दूध प्यालेल्या मुलींत रोग वाढल्याचे पुढील पाहण्यांत दिसले नाही. कण दिसणे म्हणजे कारण सापडणे नव्हे.

गाईंच्या रक्तार्बुदाचा विषाणू १९६९ साली उजेडात आला, आणि तीच शंका गोठ्याकडे वळली. २०१५ साली ब्यूरिंग यांना अमेरिकेतील रुग्णांच्या ५९ टक्के, तर निरोगी स्त्रियांच्या २९ टक्के स्तनपेशीजालांत त्याचा अंश मिळाला; पुढल्याच वर्षी ५१ अर्बुदांच्या संपूर्ण जनुकीय वाचनात तो मुळीच मिळाला नाही. दूध तापविल्याने हा विषाणू मरतो, हेही येथे ध्यानी घ्यावे.

हाराल्ड त्सूर हाउझेन यांचा तर्क निराळा. आतड्याच्या कर्करोगामागे युरोपीय वंशाच्या गुरांतील, उष्णतेला दाद न देणारा घटक असावा, असे त्यांनी २०१२ साली सुचविले आणि भारतातील अल्प प्रमाणाचा दाखला दिला. मांडव्यासारख्या गावात गोमांस क्वचित, मासळी-भात नित्याचा. तेव्हा हा दाखला तेथे चपखल बसावा. पण तो आकडा कोणाचा? १९६३ पासूनची मुंबईची कर्करोग-नोंदणी शहरवासीयांचीच. मांडव्याचा रोगी परळला उपचार घेऊनही त्या प्रमाणात धरला जात नसे. खेड्यांची अशी मोजणी १९८७ साली बार्शीस सुरू झाली, आणि बार्शी किनाऱ्यावर नाही.