दीड दिवसाची चाल

डेलावेअर नदीच्या कांठच्या लेनापी लोकांचा इतिहास बहुधा लढायांच्या अनुषंगानें सांगतात. आम्हांस त्याचें मर्म एका कागदांत दिसतें. १७३७ सालीं विल्यम पेनच्या पुत्रांनीं १६८६ सालचा म्हणून एक लेख पुढें केला. मनुष्य दीड दिवसांत जितका चालेल तितकी जमीन विकली, असा त्यांतील मजकूर. लेनापींच्या समजुतीनें हें चालणें नदीच्या कडेनें, विसावा घेत व्हावयाचें. पेनबंधूंनीं रानांतून वाट साफ करवून तीन चपळ माणसें मोलानें आणिलीं. दोघे वाटेंतच गळाले. एडवर्ड मार्शल पन्नासाहून अधिक मैल गेला. तेथून रेघ जवळच्या नदीकडे न नेतां दूर ईशान्येस ताणली! हें भूमितिज्ञान पाहून आम्ही थक्क होतों. सुमारें बारा लक्ष एकर भूमि गेली.

पुढें ओहायो, इंडियाना, मिसूरी, कॅन्सस, आणि १८६७ नंतर ओक्लाहोमा. १७७८ सालीं अमेरिकन संघराज्यानें त्यांच्याशीं मैत्रीचा तह केला. चारच वर्षांनीं नाडेनहूटन येथें पेन्सिल्व्हानियाच्या शिबंदीनें ९६ निःशस्त्र ख्रिस्ती लेनापी ठार केले.

त्या भूमीच्या लहानशा तुकड्यासाठीं त्यांच्या वंशजांनीं दावा लावला. फसवणूक झाली असें धरलें तरी मूळ हक्क संपलाच, असें म्हणून न्यायालयानें तो २००४ सालीं फेटाळला. २००६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय कायम केला.