हबसाणचा किनारा: दिघीहून जंजिरा पाहायला जाताना

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावर दिघी वसलेली आहे. समोरच्या काठावर आगरदांडा आणि खाडीच्या तोंडाशी भर पाण्यात जंजिरा. आज दिघी म्हटलं की मालवाहू जहाजांचं बंदर आठवतं. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र या मुलखाला 'हबसाण' म्हणत, म्हणजे हबशांचा मुलूख. जंजिरा पाहायला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे नाव माहीत असायला हवं.

हबशा कुठे आणि हबसाण कुठे?

हबशा म्हणजे तांबड्या समुद्राच्या पलीकडचा आफ्रिकेचा भाग, आजचे इथिओपिया आणि इरिट्रिया. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा इ.स. 615 च्या सुमारास मुसलमानांनी पहिली हिजरत तिथेच केली आणि राजा नजाशी यांनी त्यांना आसरा दिला. हजरत बिलाल (रजि.) हेही हबशी वंशाचेच.

त्या किनाऱ्यावरून कोकणात यायला वाऱ्याचा हिशेब असे. हिवाळ्यात वारा इकडून आफ्रिकेकडे वाहतो, पावसाळ्याच्या सुमारास तिकडून इकडे. याच वाऱ्यांवर शतकानुशतकं गलबतं चालली. त्यांतून खजूर, हस्तिदंत, कापड आलं-गेलं आणि माणसंही आली. कोणी खलाशी म्हणून, कोणी व्यापारी म्हणून, तर अनेकजण गुलाम म्हणून विकले जाऊन. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये.

दख्खनच्या फौजांत मात्र कर्तबगार गुलामाला वर चढायला वाट होती. हबशात जन्मलेले, लहानपणी विकले गेलेले मलिक अंबर निजामशाहीचे वजीर झाले आणि 1626 मध्ये वारले, तोवर मुघलांशी झुंजत राहिले. जंजिऱ्याचे सीदी याच परंपरेतले. 'सीदी' हा शब्द 'सय्यदी' या मानाच्या अरबी संबोधनावरून आला, असं मानलं जातं.

तीनशेहून अधिक वर्षांचं राज्य

सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1948 पर्यंत इथे सीदींचा अंमल होता. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग जंजिरा संस्थानात होता, दिघीही त्यातच. छत्रपती शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांनी प्रयत्न करूनही किल्ला पडला नाही. या लढायांत किनाऱ्यावरच्या रयतेनं खूप सोसलं, त्यात हिंदूही होते, मुसलमानही. सीदी याकूत खान यांनी 1689-90 मध्ये मुंबईत इंग्रजांना वेढा घातला होता. सुरतेहून हजला जाणाऱ्या जहाजांचं रक्षण हेही सीदींच्या आरमाराचं काम होतं.

केनियातल्या मोम्बासा बंदरातला फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगिजांनी 1593 ते 1596 या काळात बांधला. 2011 मध्ये तो जागतिक वारसा ठरला. तिथे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परके येऊन किल्ला बांधून बसले. इथे आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांनी आपल्या किनाऱ्यावर राज्य केलं. एकाच समुद्राच्या या दोन बाजू आहेत.

काय पाहाल?

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, अर्थ बेट. महादरवाज्याजवळ हत्ती पकडलेल्या सिंहाचं शिल्प दिसतं. आत पंचायतन पीर, मशिदीचे अवशेष, सुरूल खान यांच्या वाड्याच्या उभ्या भिंती, गोड्या पाण्याचे तलाव आणि कलालबांगडी तोफ आहे. चारही बाजूंनी खारं पाणी असताना हे तलाव आहेत म्हणून आत गाव नांदलं. संस्थान संपल्यावर वस्ती हळूहळू उठली.

राजपुरीजवळ खोकरीचे घुमट आहेत. सुरूल खान, याकूत खान आणि खैरियत खान यांच्या या कबरी. पर्यटक इथे कमी थांबतात. आपण थांबावं आणि फातेहा पढावी. मुरूडचा नवाबांचा राजवाडा खासगी आहे, तो बाहेरूनच पाहावा.

कसं जाल?

कोकण रेल्वेनं माणगावला उतरून म्हसळामार्गे दिघी गाठता येते. दिघी ते आगरदांडा फेरीबोटीत गाडीही चढते; तिथून राजपुरी जवळ आहे. किल्ल्यावर शिडाच्या होड्या जातात, पावसाळ्यात त्या बंद असतात. जुम्याच्या दिवशी जाणार असाल तर वेळ आधी विचारून घ्या. पिण्याचं पाणी सोबत ठेवा. होडीवाले किल्ल्यात थोडाच वेळ देतात, म्हणून काय पाहायचं ते आधीच ठरवा. होडीतून चढता-उतरताना पायऱ्या निसरड्या असतात, लहान मुलांचा आणि बुजुर्गांचा हात धरा.

एक शब्द सुधारू या

आपल्या घरांत सावळ्या मुलाला चिडवताना सर्रास 'हबशी' म्हटलं जातं. लग्नाच्या बोलणीत तर हा शब्द कुजबुजत येतो आणि एखाद्या मुलीच्या मनाला कायमचा लागतो. ज्यांच्या अजानीचं आपण कौतुक करतो आणि ज्यांच्या मुलखात पहिल्या मुहाजिरांना आसरा मिळाला, त्यांच्या नावाची आपण शिवी करून टाकली. सीदी समाज आजही मुरूडमध्ये, कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये आहे. ही माणसं आपले शेजारी आहेत, आपल्याच मशिदीत सफेत उभी राहतात. जंजिऱ्याच्या तटावर मुलांना तोफ दाखवाल तेव्हा तो शब्द कोणाचा, हेही सांगा, आणि घरी परतल्यावर तो चिडवण्यासाठी पुन्हा कोणाच्या तोंडी येऊ देऊ नका.