दगड शाबूत, माती सुटली

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागातली माळवदाची घरे कशी पडली, हे शिरूर अनंतपाळच्या म्हाताऱ्यांना अजून आठवते. दगड शाबूत राहिले. त्यांना धरून ठेवणारी माती सुटली.

आपली कातडीही अशीच रचलेली आहे. तिच्या पेशी म्हणजे दगड. पण त्यांना धरते कोण? १८६४ मध्ये इटलीच्या बिझोझेरो यांना सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींच्या मध्ये बारीक ठिपके दिसले. हेच ते सांधे. १९२० मध्ये शाफर यांनी त्यांना ‘डेस्मोसोम’ म्हटले. ग्रीक भाषेत डेस्मोस म्हणजे बंध. शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्याला हे नाव फार नेमके वाटते.

हे बंध तुटले की ‘पेम्फिगस’ होतो. बहुतेकदा आधी तोंडात व्रण येतात, मग अंगावर पातळ फोड. १८९६ मध्ये निकोल्स्की या रशियन डॉक्टरांनी नोंदवले, की अशा रोग्याची कातडी नुसती बोटाने घासली तरी वरचा थर सरकतो. पण बंध तोडतो कोण, याचे उत्तर मिळायला १९६४ साल उजाडले. ब्यूटनर आणि जॉर्डन यांना रोग्याच्या रक्तातच पेशींच्या सांध्यांवर चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. म्हणजे घराचा राखणदारच भिंत पोखरत होता!

उघड्या पडलेल्या अंगातून पाणी झिरपते, जखमा चिघळतात. १९५० च्या दशकात स्टिरॉइड येईपर्यंत यातले बहुतेक रोगी दगावत. पुढे १९८० च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी दर महिन्याला ओळीने तीन दिवस सलाइनमधून मोठा डोस देण्याची पद्धत रुजवली. ती देशभर पसरली. आता रिटुक्सिमॅबसारखी नवी औषधेही आहेत.

हा सारा इतिहास सांगायचे कारण एकच. अंगावर फोड दिसले की आपण माणसाला दूर बसवतो, त्याचे ताट वेगळे करतो. पेम्फिगस शिवल्याने होत नाही, तो कोणाच्या पापाचे फळही नाही. तोंडातले व्रण दोन-तीन आठवड्यांत भरले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. आणि ज्याच्या कातडीचे बंध सुटले आहेत, त्याच्याशी माणुसकीचे बंध तरी आपण तोडू नयेत.