सांडलेला प्रकाश

२४ एप्रिल १९४७ रोजीं अमेरिकेंत स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत सिंक्रोट्रॉन यंत्र चालू होतें. भिंतीआडून आरशांत पाहणाऱ्या तंत्रज्ञाला नळींत लखलखाट दिसला. ठिणगी समजून त्यानें यंत्र बंद करावयास सांगितलें. वस्तुतः तो वळण घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांनीं सांडलेला प्रकाश होता. नळी पारदर्शक, म्हणूनच दिसला! इलेक्ट्रॉनांचा वेग वाढवूं पाहणाऱ्यांना ती शक्तीची निव्वळ गळती. त्यांच्या हिशेबीं तें खरेंही होतें. परंतु मोठ्या यंत्रांत हीच गळती प्रखर क्ष-किरणांचें रूप घेते, आणि स्फटिकांतून ते कसे विखुरतात यावरून अणूंची मांडणी कळते. १९८१ सालीं इंग्लंडांत डेअर्सबरी येथें या किरणांसाठींच यंत्र उभें राहिलें. त्यांच्या साह्यानें जॉन वॉकर यांनीं पेशींत एटीपी घडविणाऱ्या विकराची रचना उलगडली. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला.