नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: दुकानात घालून पाहताना कानांसाठी काय तपासावे?

दुकानात हेडफोन घालून पाहताना बहुतेकांचे लक्ष गाणे किती दणदणीत वाजते याकडे असते. कानांच्या आरोग्यासाठी मात्र वेगळा प्रश्न महत्त्वाचा आहे: किती कमी आवाजात ते स्पष्ट ऐकू येते?

हे हेडफोन काम कसे करतात?

यात बसवलेले छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि हेडफोन त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर तयार करतो. दोन्ही लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी रद्द करतात. विमानाची घरघर, एसी, पंखा, बसचे इंजिन अशा सलग आणि खालच्या पट्टीतल्या आवाजांवर हे तंत्र चांगले चालते. हॉर्न, भांड्यांचा आवाज, लहान मुलाचे रडणे किंवा बोलणे पूर्णपणे थांबत नाही. त्यामुळे असे आवाज थोडे ऐकू आले म्हणजे हेडफोन खराब आहे, असे नाही.

कानांना फायदा कोणता?

गोंगाटात आपण नकळत व्हॉल्यूम वाढवतो. मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी दुखावतात आणि एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा तयार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे साधारण ४ तासच उरतात.

बाहेरचा गोंगाट कमी झाला की व्हॉल्यूम कमी ठेवता येतो, हाच खरा फायदा. हेडफोन घेऊनही व्हॉल्यूम तेवढाच ठेवला, तर कानांना काहीच लाभ नाही.

दुकानात असे तपासा

- हेडफोन घालण्यापूर्वी व्हॉल्यूम अगदी कमी करा. आधीच्या ग्राहकाने तो पूर्ण वाढवलेला असू शकतो.
- स्वतःच्या फोनवरील ओळखीचे गाणे आणि कोणाचे तरी बोलणे, दोन्ही ऐका.
- प्रथम नॉइज कॅन्सलिंग बंद ठेवून शब्द स्पष्ट कळतील इतका व्हॉल्यूम ठेवा. मग ते सुरू करून शब्द कळत असेपर्यंत व्हॉल्यूम कमी करत जा. हा फरक जितका जास्त, तितका हेडफोन तुमच्या उपयोगाचा.
- चष्मा वापरत असाल तर चष्म्यासह घालून पाहा. काडीमुळे फट राहिली तर परिणाम कमी होतो.
- किमान १० मिनिटे घालून ठेवा. काहींना कानात दाब आल्यासारखे वाटते. कानातील हवेचा दाब प्रत्यक्षात वाढलेला नसतो, पण डोके जड होत असेल किंवा गरगरत असेल तर तो हेडफोन घेऊ नका.
- कानात घालायचे इअरबड्स असतील तर रबरी टोके स्वच्छ करून किंवा बदलून मागा. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर ते घालून पाहू नका.

एका कानाने कमी ऐकू आले तर?

दुकानात अनेकांना ही गोष्ट पहिल्यांदाच जाणवते. अशा वेळी बोलण्याचे रेकॉर्डिंग लावा आणि हेडफोन उलटे घाला, म्हणजे डावी बाजू उजव्या कानावर. आता दुसऱ्या कानाने कमी ऐकू येत असेल तर दोष हेडफोनमध्ये आहे. त्याच कानाने कमी येत असेल तर कानाची तपासणी हवी. कारण कधी साधा मळ असतो, कधी पडद्याचा किंवा नसेचा त्रास. डॉक्टर कान पाहून गरजेनुसार ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करायला सांगतात. काडी किंवा पिन घालून मळ काढू नका.

यांनी विशेष काळजी घ्यावी

- पेसमेकर असलेले रुग्ण: हेडफोनमध्ये चुंबक असते. ते कानावर वापरता येतात, पण गळ्यात अडकवू नका आणि शर्टाच्या खिशात ठेवू नका. पेसमेकरपासून किमान १५ सेंटीमीटर अंतर ठेवा.
- कानात सतत गुणगुण आवाज येणारे: पूर्ण शांततेत हा आवाज अधिक जाणवू शकतो. हलके संगीत किंवा पावसाचा आवाज मंद लावल्यास बरे वाटते.
- यंत्रांजवळ काम करणारे: हे हेडफोन संरक्षक साधनांची जागा घेत नाहीत. कामासाठी प्रमाणित इअरप्लग किंवा इअरमफ वापरा.
- रस्त्यावर चालणारे आणि वाहनचालक: हॉर्न ऐकू येणे गरजेचे आहे. रस्त्यावर हेडफोन काढून ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. हा अंतर्कर्णाचा त्रास असू शकतो आणि उपचार जितके लवकर सुरू होतात तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणून थांबू नका.

कानात आवाज येणे एक-दोन दिवसांत थांबले नाही, चक्कर येत असेल, किंवा घरातले टीव्हीचा आवाज कमी करायला वारंवार सांगत असतील, तरीही तपासणी करून घ्या. चाचणीत वेदना होत नाहीत.